पितळी डब्यातला नमुना

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली आहे. ती शेवटी सांगते. आधी तुमच्या हट्टाबद्दल बोलू.

अमरावतीच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत मी नुकतीच नोकरीला लागले होते. तुम्ही भातकुलीहून आलात ते पांढरेफटक, चार पायऱ्या चढून धापा टाकत. बोटातलं रक्त मात्र छाती काढून दिलंत. "पाह्य, कसं लाल आहे!" लाल कुठलं? अंगात निम्मंही उरलं नव्हतं. ते कुठून गळतंय हे कळायला शौचाचा नमुना हवा म्हटलं, तर तुम्ही ताडकन उठलात. "मेलेली ढोरं ओढली म्या. धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी सोडलं. तुले शिकवलं ते काय माही घाण चिवडाले? मरीन, पण देणार नाही."

रडू यायचं सोडून मला रागच आला. माझा बाप माझ्याच टेबलापाशी हट्टानं मरायला निघाला होता! म्हटलं, "बाबा, इथं पाटलाची बी डबी येते अन् मास्तराची बी. वास सारखाच येते. तुमचा काय अत्तराचा आहे?" तुम्ही आधी डोळे वटारलेत, मग मिशीत हसलात. "लय बोलून राहिली तू."

तीन दिवस मटण बंद, असं बजावलं होतं, नाहीतर तपासणीत बोकडाचंच रक्त दिसायचं. पुतण्याच्या लग्नातल्या पंगतीत तुम्ही कोरडी भाकर खाऊन उठलात म्हणे. आणि मग आलात. अहो, काड्यापेटीत मावेल एवढा नमुना पुरला असता! तुम्ही आईच्या रुखवतातला पितळी डबा गच्च भरून, धुतलेल्या उपरण्यात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन आलात. "कंडक्टर म्हणे, लाडू काय? म्या म्हटलं, पोरीसाठी आहे."

औषधाचे थेंब टाकले आणि निळा रंग चढला. म्हणजे आतड्यात रक्त झिरपत होतं. पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं. अकोल्याच्या सर्जननी खालून दुर्बिणीची नळी घालून पाहिलं, तर देठावर लोंबणारी बोराएवढी गाठ. ती काढली, तपासायला नागपूरला पाठवली. साधीच निघाली, कॅन्सर नव्हता. पुढच्या खेपेला थेंब टाकले तर रंग चढलाच नाही, आणि तुम्ही एसटी स्टँडभर सांगत फिरलात, "माह्या पोरीनं पकडलं!"

आता ते राहिलेलं. डबा फेकून दे म्हणाला होतात. मी नाही फेकला. खळखळ उकळला, चिंचेनं घासून लख्ख केला आणि आईला दिला. पुढे तुम्ही जगलात तेवढी वर्षं जवसाची चटणी त्यातलीच खाल्लीत, बोटं चाटून. आईला ठाऊक होतं. धुतलं की स्वच्छ होतं, हे मी साऱ्या दवाखान्याला ठणकावून सांगत आले, तुम्हाला सांगायची तेवढी छाती झाली नाही. आजही माझी चटणी त्यातच आहे. हे लिहिलं तो कागद मात्र चुलीत घालते, बाबा. तुम्हाला कळलं तर तिथंही ताटावरून उठाल.