दोघांपैकी एकानेच जायचं

९ जून

डेन्झिलला वकील व्हायचंय म्हणे! डेन्झिलला! सत्तावीस वर्षांचा घोडा, एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही त्याने!

रविवारचं जेवण चाललं होतं. मी म्हटलं, ऑक्टोबरच्या एलसॅटला, लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला, नाव घालतेय. आईने नुसती मान हलवली. तिला ते नवीन नाहीच. मी कोर्टाच्या रेकॉर्डच्या खिडकीत बसायला लागले तेव्हापासून लॉ कॉलेज, लॉ कॉलेज हेच तिच्या कानावर आहे. आणि आमचा धाकटा भाऊ, तोंडात बटाटा, म्हणतो, "मी पण."

मला वाटलं रस्सा मागतोय. वाटी पुढे केली.

"रस्सा नको. मी पण परीक्षा देतोय."

"कधी ठरलं हे?"

"मंगळवारी."

मंगळवारी तो मिलोकाकांबरोबर कोर्टात गेला होता. मिलोकाका राडोविच – बाबांबरोबर खाणीत होते, आता रोज दुपारी आमच्या दुकानात ठरलेल्या खुर्चीत. त्यांच्या घरमालकाने त्यांना घर सोडायची नोटीस दिलेली. समोरच्या बाजूला सूटबूटवाला वकील, आणि यांच्याकडे कोणी नाही. डेन्झिल मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, साहेब, हिवाळाभर भाडं घेतलंय यांनी, मग आता करार संपला कसा? जजने त्याला खाली बसवलं. पण कागद परत पाहिले! मिलोकाकांना मुदत मिळाली. तेव्हापासून स्वारी हवेत.

मी म्हटलं, "दोघं गेलो तर दुकान कोण बघणार?"

लॉ कॉलेज मिसुलाला, आणि ते रोज ये-जा करायचं अंतर नाही. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पॅस्टी म्हणजे भाजलेली मोठी करंजीच; तिचं पीठ मळायचं, मटण-बटाटा-सलगमचं सारण भरायचं, कडांना मुरड घालायची – एकटीने होणारं काम नाही ते.

मग मीच तोडगा काढला. ज्याचे मार्क जास्त तो जाईल. दुसरा दुकान बघेल. कुरकुर नाही, रडारड नाही.

डेन्झिलने हात पुढे केला. आई आमच्या दोघांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "ताटं उचला."

१० जून

बिचारा डेन्झिल. मला वाईट वाटतंय. (फार नाही.)

२३ जून

दोघांनी पहिला सराव पेपर सोडवला. घड्याळ लावून, दुकान बंद झाल्यावर, समोरासमोर. मला एकशेऐंशीपैकी १६१. त्याला १४८.

मिसुलाला नीट जागा मिळवायची तर एकशेसाठच्या पुढे हवेतच. मी पहिल्याच फटक्यात तिथे!

"अठ्ठेचाळीस म्हणजे वाईट का?" तो विचारतो.

"वाईट नाही. पॅस्टी विकणाऱ्यासाठी उत्तम."

त्याने सलगम फेकून मारला. नेम मात्र चांगला आहे.

७ जुलै

एक हळहळ लिहून ठेवते. यंदापासून परीक्षेतून कोडी काढून टाकलीत! सात माणसं एका टेबलाशी बसलीत, अमका तमक्याशेजारी बसत नाही, तर मधे कोण – असली कोडी मी डोळे मिटून सोडवायचे. गेली दोन वर्षं मी त्यांचाच सराव केला. आता फक्त युक्तिवाद आणि उतारे. बरं, युक्तिवादात मला कोण हरवणार? दिवसभर खिडकीत लोक माझ्याशी वादच घालतात.

२१ जुलै

मिलोकाकांनी दुकानात पैज लावली. सगळं गिऱ्हाईक त्यात. जो पैज हरेल त्याने पैज जिंकणाऱ्यांना पॅस्टी खिलवायची. सगळे माझ्या बाजूने! डेन्झिलच्या बाजूने एकटे मिलोकाका.

"काका, उपाशी राहाल," मी म्हटलं.

"पोरी, मी आयुष्यभर नेहमी हरणाऱ्या बाजूलाच असतो. युनियनमध्ये होतो ना!"

आई हसली. हल्ली ती फार हसते. गुडघ्याला आराम पडला असावा.

४ ऑगस्ट

डेन्झिलला शिकवायचं ठरवलंय. हो, मीच. तो युक्तिवादाचे प्रश्न मनाला येतील तसे सोडवतो. माणूस काय म्हणतोय हे न बघता माणूस बरा वाटतो की वाईट हे बघतो! "हा महापौर लबाड आहे, म्हणून याचं चूक." अरे, पण प्रश्नात काय विचारलंय? त्याचा मुद्दा कशाने कच्चा पडेल तेवढं सांग. महापौराशी तुला लग्न करायचं नाहीये!

आई पीठ मळता मळता म्हणाली, "तू त्याला कशाला शिकवतेस? तुझाच तोटा."

म्हटलं, "त्याला शिकवताना माझं पक्कं होतं. आणि मी जिंकणारच आहे, तर निदान त्याने लाजिरवाणं तरी हरायला नको."

आईने पिठाचा गोळा उलटा केला. "बापावर गेलीयेस," एवढंच म्हणाली.

१८ ऑगस्ट

मी १६५. डेन्झिल १५७. माझी शिकवणी म्हणजे शिकवणी आहे!

१ सप्टेंबर

उताऱ्यांत तो माझ्यापुढे गेला. कसा गेला कळत नाही. व्हेलच्या कानाच्या हाडावरचा उतारा – मी तो दगड फोडल्यासारखा वाचला, आणि हा वाचून हसत होता. म्हणे, "लेखकाला त्या जुन्या प्रोफेसरचा राग आहे, पण भीतीही वाटते, दिसत नाही का तुला?" मला नाही दिसलं. प्रश्न नेमका तोच होता.

ठीक आहे. उतारे सत्तावीस प्रश्नांचे. युक्तिवाद त्याच्या दुप्पट. हिशोब माझ्या बाजूने.

१५ सप्टेंबर

तो १६४.

१६ सप्टेंबर

काल एकच ओळ लिहून वही मिटली. आता बरी आहे. मी १६७ आहे. तीन मार्कांनी पुढे. शिवाय घरी सोडवणं वेगळं आणि केंद्रावर वेगळं. तो ऐन वेळी बिचकतो. शाळेत असताना बाबांनी त्याला हॉकीच्या गोलात उभं केलं तेव्हा पहिल्याच सामन्यात ओकला होता.

पण खरं लिहायचं तर आज ऑफिसात पहिल्यांदाच मनात आलं – समजा, मीच राहिले तर? चौदा वर्षं त्या खिडकीत आणि मग उरलेला जन्म ओव्हनसमोर? लगेच झटकून टाकलं. होणारच नाही ते.

२९ सप्टेंबर

आता नवीन काही वाचायचं नाही. दोघांनीही पुस्तकं कपाटात टाकली. डेन्झिलने माझे केस कापले – वाईट कापले – आणि मी त्याचे. आई म्हणाली, परीक्षा घेणारे तुम्हा दोघांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. तयार आहे मी! इतकी तयार कधी कशासाठी नव्हते.

४ ऑक्टोबर

झाली. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

हेलेना शहरातल्या परीक्षा केंद्रावर एकाच गाडीतून गेलो. घाटात पहिला बर्फ भुरभुरत होता. गाडी तो चालवत होता. केंद्रावर खिसे उलटे करून दाखवले, घड्याळ काढून दिलं, आणि आम्हाला वेगवेगळ्या रांगांत बसवलं. दोन भाग झाले. माझे झकास गेले. मधली सुट्टी झाली.

तो बाहेरच्या पायऱ्यांवर बसला होता. चेहरा पिठासारखा.

"पहिल्या भागात वाट लागली, वेना. शेवटचे पाच नुसते अंदाजाने ठोकले. मी आत जात नाही. गाडीत बसतो. तू ये देऊन."

मी उभी होते. मला फक्त गप्प राहायचं होतं. नुसतं त्याच्या पाठीवरून हात फिरवून "बरं" म्हणायचं होतं. तो गाडीत बसला असता, आणि मी मिसुलाला गेले असते, आणि जन्मभर कोणी मला बोल लावला नसता. तोच म्हणाला होता ना?

मी म्हटलं, "गधड्या, चार भागांतला एक ते मोजतच नाहीत. कुठला ते सांगतही नाहीत. पुढच्या वर्षाचे प्रश्न आपल्यावर करून बघतात फक्त. तुझा बिघडला तो तोच असेल."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर उरलेल्यांत भरून काढ. ऊठ. तुला गाडीत ठेवून जिंकले तर मिलोकाका तोंडसुद्धा बघणार नाहीत माझं."

तो उठला. पाणी प्यायला. आत गेला.

परतताना वाटेत जेवायला थांबलो. त्याने दोन बर्गर खाल्ले आणि गाडीत गाणी म्हटली. मीही म्हटली. मी जिंकणार याबद्दल मला शंका नाही. स्वच्छ जिंकणार, हे जास्त बरं.

२३ ऑक्टोबर

मी १६६. डेन्झिल १६८.

२४ ऑक्टोबर

काल सकाळी ऑफिसातच ईमेल उघडला. १६६ म्हणजे चांगलेच आहेत. पाच मिनिटं मी अगदी राणी होते. मग दुकानात गेले. तो काउंटरमागे फोन हातात धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, तेव्हाच कळलं.

"किती?"

त्याने सांगितलं. आवाज इतका बारीक की मिलोकाकांनी "काय, काय?" केलं.

मी मागच्या खोलीत गेले आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडले. भरपूर. मग तोंड धुतलं.

डेन्झिल दारात. "वेना, तू जा. मी तुझ्यामुळेच पोचलो. त्या पायऱ्यांवर –"

"पायऱ्यांचं नाव काढायचं नाही."

"मग जानेवारीत परत दे. मी थांबतो."

"करार कोणी सुचवला होता? मी. मार्क कोणाचे जास्त? तुझे. मी कोर्टात काम करते, डेन्झिल. लोक रोज खिडकीत येऊन सांगतात की त्यांचा करार इतरांसारखा नाही. मी त्यांतली होणार नाही."

तो रडायला लागला. मग मलाच त्याला धरावं लागलं. जिंकला तो आणि समजूत मी काढतेय!

आई ओव्हनपाशी होती. सगळं ऐकत होती. एक अक्षर बोलली नाही. मला तिचा राग आला. एक शब्द तरी बोलायचा. "वाईट वाटलं" म्हणायचं. तिने फक्त मला गरम पॅस्टी दिली, वर रस्सा ओतून. मी खाल्ली. भूक लागली होती.

२७ ऑक्टोबर

पैजेचा हिशोब झाला. सगळ्या गावाच्या पॅस्ट्या एकटे मिलोकाका खाणार आता. "जन्मात पहिल्यांदा जिंकलो," म्हणाले, "आणि मजाच येईना."

१० नोव्हेंबर

कोर्टात राजीनामा दिला. नव्या वर्षापासून पूर्णवेळ दुकान. रडतखडत करणार नाही – करायचं तर दणक्यात! यादी तयार आहे. शाकाहारी पॅस्टी. खाण बघायला येणाऱ्या लोकांसाठी गरम डबे. पाटी नवीन. आई यादीवर नजर टाकून म्हणाली, "छान आहे गं." आणि मशरूम नीट धुऊन घे म्हणाली.

खरंच छान आहे. मला जमेल. मला काय जमत नाही?

२४ नोव्हेंबर

डेन्झिलच्या अर्जाचा निबंध मीच दुरुस्त केला. मिलोकाकांच्या खटल्यावर लिहिलाय. तिसऱ्या परिच्छेदाला माझे डोळे भरून आले, आणि त्यातली स्वल्पविरामांची चूक काढून मी ते परत कोरडे केले. चांगला वकील होईल तो. माझ्यापेक्षा चांगला? तेवढं मान्य नाही.

७ डिसेंबर

अर्ज गेला. त्याने बटण दाबायला मला सांगितलं. मी दाबलं.

८ डिसेंबर

आईने दुकान विकलंय!

सकाळी पीठ मळताना सांगितलं, जसं दूध संपलं म्हणून सांगते तसं. शेजारच्या अ‍ॅनाकोंडा गावातल्या एका नवराबायकोला. मे महिन्यातच शब्द दिला होता – आमचा करार व्हायच्या आधी! ती मार्चमध्ये मावशीकडे अ‍ॅरिझोनाला चाललीय, ऊन खायला.

"मग बोलली का नाहीस!" मी ओरडलेच.

"विचारलं कोणी मला? दोघं माझ्या समोर बसून माझी वाटणी करत होतात. आणि बोलले असते तर डेन्झिलने पुस्तक उघडलं असतं का? तुझ्याशी चुरस होती म्हणून तो अभ्यासाला बसला. काल अर्ज गेला त्याचा. आता बोलले."

"आणि मी? मी नोकरी सोडली, आई!"

"बरं केलंस. चौदा वर्षं वाट बघत होते." हात पुसले तिने. "मिसुलाचे अर्ज फेब्रुवारीपर्यंत घेतात. मी फोन करून विचारलंय. एकशे सहासष्ट पुरतात म्हणाले."

निबंधाला आज बसते. डेन्झिलला अजून सांगितलेलं नाही. अपराधी वाटतंय बिचाऱ्याला, म्हणून आज सगळे कांदे त्यानेच चिरले, भांडी घासली, आणि आता ओव्हन खरवडतोय. उद्या सांगेन.