चांदमारीचं शिसं

आबा, तीर्थरूप, साष्टांग, विनंतिविशेष यांतलं काही घालत नाही. मी गुरुजींकडे शिकायला असताना पाठवलेली पत्रं तुम्ही पटवाऱ्याकडून वाचून घ्यायचात, आणि त्याचा मायना संपेपर्यंत "म्होरं चल, म्होरं चल" म्हणून त्याला ढोसत राहायचात, असं आई सांगायची. तेव्हा म्होरंच चलतो. तुमच्या काठ्यांविषयी लिहायचं आहे, आणि आत्याविषयी. या दोन गोष्टी एका पत्रात येतील असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटलं नव्हतं. तुम्हाला तर कधीच वाटलं नाही.

अंबाजोगाईच्या छावणीतले साहेब माळावर गोल्फ खेळत, ते तुम्हाला प्रथम विटीदांडूच वाटलं होतं. फक्त विटी गोल, दांडू वाकडा आणि खेळणारे बापये. विलायतेत हा खेळ गवतावर होतो म्हणे. आपल्याकडे मुरूम, कुसळं आणि बोराटीच्या जाळ्या, आणि जिथं चेंडू शेवटी भोकात ढकलायचा तिथं वाळू पसरून तेल शिंपडलेलं एक अंगण. लांबचा टोला हाणायला त्यांची एक लाकडी डोक्याची काठी असे. ती बोटीतून यायची, महाग असायची आणि वैशाखात तडकायची. अशीच एक तडकलेली काठी घेऊन कप्तानाचा खानसामा आपल्या सुतारीच्या कारखान्यात आला. तुम्ही ती उलटीसुलटी केली, वास घेतला आणि म्हणालात, "ह्ये लाकूड थंड मुलखाचं हाय. हितं त्याला तहान लागती." मग तिची दुरुस्ती न करता नवीच करून दिलीत. दांडा धामणीचा, कावडीला लावतात तसा लवचीक. डोकं बोरीचं, गाडीच्या चाकासाठी तळ्याच्या गाळात पावसाळाभर पुरून ठेवलेल्या लाकडाचं. सांध्याला लाख, वरून मेणाचा दोरा. विलायती एका काठीच्या किमतीत तुमच्या काठ्यांची मोळी आली असती, आणि फुटली एखादी तर चुलीत घालायलाही वाईट नाही, असं तुम्हीच खानसाम्याला सांगितलं होतंत.

स्वस्त म्हटल्यावर तरणे लेफ्टनंट धावत आले. पुढं मोठे साहेबही आले, पण ते आधी आपल्या अर्दलींना पाठवत; स्वस्ताईची लाज विलायतेतही असावी. प्रत्येकाचा अनुभव वेगळा. एकाचा चेंडू सशासारखा जमिनीलगत पळायचा आणि तो खूश. दुसऱ्याचा घारीसारखा वर जाऊन तिथंच विचार करत बसायचा आणि तो नाखूश. पलटणीचा डॉक्टर म्हणायचा, ही काठी हातात असली की चुकलेला टोलासुद्धा पुष्कळ लांब जातो. हे कौतुक की तक्रार, हे खानसाम्यालाही उलगडलं नाही. कप्तानाचा चेंडू सदा डावीकडं जाई. त्यानं खानसाम्याकरवी विचारलं, मिस्त्री, असं का? तुम्ही रंधा न थांबवता म्हणालात, "साह्यबाला म्हणावं, माळच डावीकडं उतरता हाय. काठीला कळलं, तुमाला कळंना." खानसाम्यानं याचा काय तर्जुमा केला देव जाणे, पण कप्तान हसला आणि आणखी दोन काठ्या सांगून गेला. मी सुटीवर आलो होतो, उंबऱ्यात बसून धातुरूपावली घोकत होतो. बापाचा अभिमान वाटण्याचे प्रसंग त्या वयात थोडेच येतात. हा एक होता.

सगळ्यांची तक्रार मात्र एकच निघाली: डोकं हलकं आहे. विलायती काठीच्या पाठीत शिसं ओतलेलं असतं, त्याच्या वजनानं टोला बसतो. मेजरानं आपली काठी दाखवली, तुम्ही नखानं शिसं खरवडून पाहिलंत आणि मान डोलावलीत. शिसं कुठं मिळेल याची चिंता नव्हतीच. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाच्या, बांधात पलटणीनं वर्षानुवर्षं मारलेल्या गोळ्या रुतल्या होत्या, त्या उकरून विकणारे छावणीच्या बाजारात टोपली घेऊन बसत. प्रश्न होता तो वितळवायचं कुठं. सुताराच्या कारखान्यात विस्तव न्यायचा नाही, हा आजोबांच्या वेळचा नेम. त्यांचा कारखाना भुश्याला ठिणगी लागून जळाला होता. आपल्याकडे चिलीमसुद्धा रस्त्यावर उभं राहून ओढत. लोहाराकडे जावं, तर काठीची करणी त्याला कळली असती आणि महिन्याभरात त्याच्याही दारात काठ्या लागल्या असत्या. राहिली घरची चूल.

तो दिवस मला आजही दिसतो. आई चुलीपुढून सरकते. तुम्ही आमटीची लोखंडी पळी उचलता, तीत गोळ्या टाकता, जाळावर धरता. गोळ्या आधी रुसल्यासारख्या बसतात, मग एकदम पाण्यासारख्या होतात, वर साय धरते. ती तुम्ही काडीनं बाजूला काढता आणि चुलीच्या कडेला झटकता. मग दुसऱ्या हातातल्या डोक्याच्या खोबणीत रस ओतता. लाकूड चर्र करतं.

"आवो, माझी आमटीची पळी हाय ती," आई म्हणते.

"राखंनं घासून देतो की."

"तुमी घासलेलं मला ठावं हाय. द्या हिकडं."

अंगणातून आत्या हसते. तिची तिथं तीन दगडांची वेगळी चूल. लहानपणी कपाळ पांढरं झाल्यापासून तिचं सोवळं, तिचं मडकं, तिचं एक वेळचं अन्न सगळं निराळं. आईच्या हातचं ती खात नसे आणि आईच्या भांड्याला शिवत नसे. "दादा," ती म्हणते, "जातीचा सुतार अन् काम लोहाराचं! इश्वकर्म्याच्या लेकरांची भांडणं तूच मिटवनार म्हन की." तुम्ही म्हणता, "गप बस गं, भाकर करपंल." ती म्हणते, "करपू दे, मलाच खायाचीय." आणि ती पळी आई घासते, आणि सांजच्याला तीच पळी चिंचेच्या आमटीत फिरते.

पुढची दोन-तीन वर्षं मी सुट्यांच्या तुकड्यांनी पाहिली. दर वेळी चुलीच्या कडेला ती राखाडी सायीची पुटं वाढलेली, आणि दर वेळी आई थोडी उणी. आधी पोटात कळा. वैद्यानं वात म्हटलं. मग तोंडाची चव गेली, रंग गेला, पोटातलं लेकरू राहीना. हिरड्यांवर निळसर रेघ उमटली, ती मिशरीची म्हणून कुणी मनावर घेतली नाही. मग तुमचं मनगट. पटाशी धरायला गेलात आणि पंजा खाली लोंबला, म्हशीचा कान लोंबतो तसा. बोटं मिटायची, पण हात वर उचलायचा नाही. ज्या हाताची साहेबांनी तारीफ केली त्याला नजर लागली, असं आधी लोक म्हणाले. नजर उतरवून झाली. मग दिंद्रुडकडचा एक देवऋषी आणला गेला. त्यानं तांदूळ मांडले आणि एवढंच विचारलं, की घरात आजार न शिवलेलं कोण आहे?

मी तेव्हा तिथं नव्हतो. आईनं अंथरुणावरून सांगितलं ते असं. तुम्ही अंगणात गेलात. आत्या तांदूळ निवडत होती. तुम्ही म्हणालात, "तू कावून ठणठणीत हायेस?"

तिला आधी चेष्टा वाटली. "मग काय पडून ऱ्हाऊ व्हय? दोघं पडल्यावर घर कोन बगंल?"

"तिची दोन लेकरं पोटातच गेली, माझा हात गेला. तुला साधी शिंक न्हाई. एकाच आडाचं पानी पितो. कावून?"

"दादा, कायबी काय बोलतूस..."

"दादा म्हनू नगंस."

तिचं लुगडं, तिचं मडकं तुम्ही डाव्या हातानं रस्त्यावर ठेवलंत. उजवा उचलत नव्हता. ती चकलांब्याला तिच्या सासरच्या दूरच्या नात्यातल्या घरी चालत गेली. आईनं मला हे सांगताना ना तुमची बाजू घेतली, ना तिची. ती फक्त म्हणाली, "आता तिचं कामबी मलाच." पुढच्या पावसाळ्याआधी आईला झटके आले आणि ती गेली. जाता जाता करणी करून गेली बहीण, असं तुम्ही लोकांना सांगितलंत. मग पलटण हलली, गोल्फ संपला, काठ्या संपल्या. वर्षभरात तुमच्या मनगटात थोडा जीव आला. पटाशी नाही, पण तांब्या उचलू लागलात. तुम्ही मला हात वर करून दाखवलात. "बग," म्हणालात, "ती घरातून गेली अन् हात आला. अजून शाण्णव पोथ्या वाच, पर ह्ये खोटं कर." मी न्यायशास्त्र शिकत होतो. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, म्हणून कावळ्यानं पाडलं असं होत नाही, हे मला दाखल्यानिशी येत होतं. ते म्हटलंही. तुम्ही विचारलंत, "मंग कुनी पाडलं?" मानमोडीच्या तापाच्या साथीत तुम्ही गेलात ते बहिणीनंच पाडलं या खात्रीसकट.

गेल्या महिन्यात औरंगाबादेला गेलो होतो. माझं शब्दरूपांचं छोटं पुस्तक छापायला दिलं आहे. पाठशाळेतल्या पोरांचा छळ करण्याचे माझे मार्ग वाढताहेत. छापखान्याचे मालक खांसाहेब माझ्याशी बोलता बोलता मध्येच आतल्या कामगारावर ओरडले, "हात धू बे आधी! शिसं खाऊन घरी जातो का?" कामगार भाकरी ठेवून उठला. दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्याचा पंजा मांडीवर पडला होता, मनगटातून खाली, बोटं मिटलेली. तो लोंबता पंजा मी कुठंही ओळखला असता. मी विचारलं, यांना काय झालं? खांसाहेब म्हणाले, "टाईप जुळवायचा अन् त्याच हातानं खायचा, पंडितजी. शिसं पोटात जातं. डाक्टरनं सांगितलं, आधी पोटात कळा, तोंड पांढरं, हिरड्याला निळी रेघ, मग मनगट. हा वाचला. काम सोडलं की थोडा हात फिरतो वापस." मी मुद्रितं न तपासता तसाच उठलो. रस्त्यावर येईपर्यंत आपलं सगळं घर माझ्यासमोर उभं राहिलं होतं, आणि त्यात जिच्या ताटाला तुमची पळी कधी लागली नाही असं एकच माणूस होतं. तिला वेगळं जेवायला लावणारी रीत तिला जगवून गेली, आणि जगली म्हणून तुम्ही तिला काढलीत.

चकलांब्याला आत्या गोठ्यामागच्या छपरात राहते. शेण्या थापत होती. फार वाकली आहे. दळण, शेण, सरपण तिच्याकडे; लग्नकार्यात, बाळंतिणीच्या खोलीत तिला बोलावत नाहीत. मी सांगत गेलो, ती थापत गेली. संपल्यावर तिनं शेणाचे हात तसेच धरून विचारलं,

"म्हंजे मी न्हाई?"

"नाही आत्या."

"खरंच न्हाई?" मग पुन्हा एक शेणी थापून, "मला वाटायचं, आसंल बी. मानसाला आपल्या आतलं समदं कुठं कळतंय. वहिनीला एकदा मिठावरून लई बोललेते मी. त्याचंच झालं आसंल म्हनायचे."

आबा, देवऋषी बोलला ते एका दुपारचं. तुम्ही बोललात ते एका सकाळचं. ही बाई मात्र इतकी वर्षं रोज उठून स्वतःच स्वतःवर आरोप ठेवत आली. मी म्हटलं, चल, घरी चल, मी पेठेत, देवळात, सगळ्यांना सांगतो. ती एकदम ताठ झाली.

"काय सांगशील? माज्या दादानं आपल्या हातानं बायकू मारली म्हनून?"

"जाणून नाही मारली."

"लोक तेवढं ऐकत्यात व्हय रं? माजं नाव गेलंय ते गेलंय. आता त्याचं घालवू नगंस. अन् त्यालाबी सांगू नगं. सर्वपित्रीला पान वाढताना मनातसुदिक आणू नगंस. पितरांना मनातलं कळतंय."

मी शब्द दिला. न देता ती आलीच नसती.

ती आता माझ्याकडे आहे. ओसरीवर बसते. माझी बायको रोज तिला आत चुलीपाशी बोलावते आणि ती रोज म्हणते, "उद्या." गल्लीतल्या बायका तिला पाहिलं की अजूनही पोरं पदराखाली घेतात, गोष्ट चकलांब्याहून तिच्याआधीच पोचली होती. एका वाक्यात तिला यातून सोडवता येईल, ते वाक्य मला पाठ आहे, आणि ते तुमच्या अंगावर पडेल म्हणून ती मला बोलू देत नाही. काल समोरच्या घरातलं एक रांगतं पोर चुकून तिच्यापाशी आलं. तिनं हात पाठीमागं घेतले आणि त्याची आई येईपर्यंत तसेच धरून ठेवले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. सर्वपित्री अजून लांब आहे आणि तेव्हा मनात हे येऊ नये म्हणून मी पाढे म्हणत पान वाढीन. कागदावर लिहिलेलं मनात आणलं असं धरत नाहीत, असा मी माझ्यापुरता निर्णय केला आहे. शास्त्राधार विचारू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी रीतीनं रडलो, आणि नंतर विनारीतीनंही. पण हे सगळं लिहून झाल्यावर, आबा, आज पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं तुम्ही जिवंत नाही.