लॉकरमधला खाकी लिफाफा

ता. ४ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. साठी उलटली तरी तू माझा टिल्लूच, पाकिटावर तसं लिहिलं नाही एवढंच.

लेकीची तब्येत कशी आहे? दिवस भरत आलेत, तिला जिने चढू देऊ नकोस. तू तिच्याकडे राहून चष्म्याचं दुकान महिनाभर बंद राहिलं म्हणून गावातलं कोणी आंधळं होत नाही.

आता मुद्द्याचं. फोनवर बोलता येत नाही, कारण भिंतीपलीकडे सूनबाई असते. काल मी लॉकरच्या कंपनीत गेले होते. तळघरातली ती जागा तुला ठाऊक आहे. एक किल्ली आपली, एक त्यांची, दोन्ही लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही. आत जाताना रजिस्टरवर सही करायची असते. सही करायला वाकले आणि हात तिथेच थांबला. वरच्या बाजूला अठरा फेब्रुवारीची तारीख, सकाळचे अकरा वीस, माझं नाव आणि माझी सही. टिल्लू, मी देवावर हात ठेवून सांगते, मी वर्षभरात तिकडे फिरकलेले नाही!

कप्पा उघडला. आईच्या बांगड्या, माझी साखळी, सगळं जागच्या जागी. पण घराचे मूळ कागद आणि ह्यांचं मृत्युपत्र ठेवलेला खाकी लिफाफा नाही. गेल्याच महिन्यात सूनबाईने घराचे कागद कुठे असतात असं सहज विचारलं होतं. माझी किल्ली कपाटात असते, ते तिला माहीत आहे. काय करू ते लगेच कळव.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुला नात झाली. लेक आणि बाळ दोघी खुशाल. बाळाचा आवाज तुझ्यावर गेलाय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताई, एक ऐक. सूनबाईला अवाक्षर बोलू नकोस. तुझी सही हुबेहूब करायची, कंपनीच्या माणसांसमोर तू म्हणून उभं राहायचं, हे तिशीतल्या मुलीला जमेल का? आधी मॅनेजरला भेट. अशा ठिकाणी कॅमेरे असतात, त्या दिवसाचं चित्रण माग. नाही दाखवलं तर लेखी अर्ज दे आणि पोच घे.

मी आठवड्याभरात घरी परततोय. बत्तीस वर्षं तू टेलिफोनच्या बोर्डावर बसलीस, अख्ख्या गावाचे नंबर तुला पाठ होते. तुला गंडवणारा अजून जन्मायचाय. धीर धर.

तुझा टिल्लू

ता. १३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद आणि नातीला खूप पापे.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच माझी जीभ घसरली होती. स्वयंपाकघरात सूनबाई डबे भरत होती, तिला मी सरळ विचारलं की लिफाफा कुणाला विकलास. ती डबे तसेच ठेवून उठली. दुपारी बॅग भरून माहेरी गेली. चिरंजीव माझ्याशी बोलत नाहीत.

आज चित्रण पाहिलं. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं. पडद्यावर एक बाई पायऱ्या उतरून आली. राखाडी शाल, डाव्या पायावर भार टाकून चालणं. सही केली. काउंटरवरच्या मुलीशी हसून काहीतरी बोलली. कप्प्यातून लिफाफा काढला, पिशवीत घातला आणि निघून गेली. टिल्लू, ती मीच होते.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली की आजी, तुम्ही त्या दिवशी गुडघ्याचं औषध सांगितलंत, मी आईला दिलंसुद्धा. मला तो दिवस आठवत नाही. ती मुलगीही आठवत नाही. बाहेर आले तेव्हा नेहमीचा रस्ता समोर होता आणि उजवीकडे वळायचं की डावीकडे ते मला सुचेना. रिक्षा केली.

कागद मी कुठे टाकले? आणखी काय काय केलंय मी? स्वतःच्या कपाटाला हात लावायची भीती वाटते.

तुझी ताई

ता. १६ मार्च

ति. ताईस,
साष्टांग नमस्कार.

आधी एवढं वाच, कागद माझ्याकडे आहेत. सगळे. एकही पान कमी नाही.

काल घरी आलो तर दारात पोस्टाची चिठ्ठी पडली होती. पोस्टात गेलो, घरच्या पत्त्यावर आलेलं तुझं रजिस्टर्ड पाकीट पोस्टमास्तरांनी ओळखीने ठेवून घेतलं होतं. आत खाकी लिफाफा आणि तुझं पत्र. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तू तुझ्याच अक्षरात वाचावंस असं वाटलं. ते पत्र सोबत पाठवतो. येत्या रविवारी मी येतोय, तोवर कपाटाला खुशाल हात लाव.

तुझा टिल्लू

(सोबतचं पत्र)

ता. १८ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

हे कागद तुझ्याकडे राहू देत. या महिन्यात मी दोनदा घराची वाट चुकले. काल ‘तूच माझा चष्मा लपवलास’ म्हणून सूनबाईला वाट्टेल ते बोलले. चष्मा माझ्याच पर्समध्ये होता. तिने तो हसत काढून दिला, कुणाला सांगितलं नाही. कागद माझ्या हाताशी राहिले तर कुठेतरी टाकीन आणि आळ तिच्यावर घेईन, याची मला फार भीती वाटते. मी विचारलं तर कुठे आहेत ते सांग. रागावू नकोस.

तुझी ताई

ता. २५ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तू रविवारी येऊन गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. त्यानंतरचं सांगते.

सोमवारी मी ते पत्र घेऊन सूनबाईच्या माहेरी गेले. चिरंजीव सोबत होते, पण जिना मी एकटी चढले. तिने पत्र उभ्यानेच वाचलं. म्हणाली की कागद सापडले ते बरं झालं, पण इतके दिवस मी चोर होते, ते कोण भरून देणार? मी माफी मागितली आणि परत आले. ती आली नाही.

तू ठरवून गेल्याप्रमाणे गुरुवारी डॉक्टरकडे जायचं होतं. दवाखान्याच्या बाकावर ती आधीच येऊन बसली होती. माझी फाईल हातात घेतली आणि डॉक्टरांनी विचारलेलं सगळं तिनेच नीट सांगितलं. कधीपासून, किती वेळा, कोणत्या गोष्टी. तिला सगळं माहीत होतं रे. तपासण्या अजून व्हायच्यात. डॉक्टर फार गोड बोलले, म्हणून जास्त भीती वाटली.

काल लॉकरवर तिचं नाव घातलं. यापुढे दोघींच्या सह्या लागतील. सही करताना कागद सरकला, तर तिने तो दाबून धरला. अजून माझ्याशी मोजकंच बोलते, पण राहायला घरी आली आहे.

हे पत्र मिळाल्याचं लगेच कळव. आणि टिल्लू, याच मजकुराचं दुसरं पत्र आलं तर ते आधी आलंय असं लिहू नकोस. पहिल्यांदाच वाचल्यासारखं उत्तर दे. मी विसरले तरी माया आहेच, ती तुझ्याकडे जपून ठेव.

तुझी ताई