तिबेटसाठी न झालेलं भाषण

ल्हासातल्या आईस,

शाहूपुरीत स्वेटर विकणाऱ्या तुमच्या डोल्माचा मी मानलेला भाऊ. दर हिवाळ्यात दुकानं आवरताना तिची माणसं तिबेटच्या स्वातंत्र्याचा झेंडा लावतात आणि मी भाषण करतो. यंदा ती म्हणाली, "दादा, बोलू नगासा. मागल्या भाषणाचा व्हिडिओ फिरला, त्यात मी दिसले, आन् तिकडं आईच्या दारात पोलीस आलं. तवापास्नं तिचा फोन न्हाय."

गप्प बसणाऱ्यांना मी जन्मभर भेकड म्हणत आलो. आज झेंड्यापुढं हात जोडून नुसता उभा राहिलो. डोल्मानं तिबेटचं राष्ट्रगीत म्हटलं, तेही ओठांतल्या ओठांत.

हे पत्रसुद्धा मी टाकणार नाही. ते तुमच्या घरात सापडायला नको. तुम्ही जिवंत आहात, एवढं कुणीतरी डोल्माला कळवावं.

तुमचा,
पिराजी