कोर्टाचा पाहुणा

३ नोव्हें.
फुकटची आणखी एक केस घेतली. गढा मोहल्ल्यातली रामकली अम्मा, बांगड्यांचा ठेला. शेजारी दुबेजींनी सामाईक गल्लीत बंद पडलेली स्कूटर आडवी लावलीय, ठेला घराबाहेर निघत नाही. ठेला नाही तर चूल नाही.
सौ. म्हणाली, "फीस देणारे सोडून हेच लोक तुमच्याकडे काहून येऊन राहिले?" चहा मागितला. मिळाला नाही.

१० नोव्हें.
जजसाहेबांनी कमिश्नर नेमला. कोर्टातर्फे एक वकील जागा पाहून रिपोर्ट देणार. स्कूटर दिसली की स्टे खिशात! आज चहा मिळाला.

१४ नोव्हें.
कपाळ माझं! गल्ली लखलखीत. सडा, रांगोळी, खुर्चीवर टॉवेल. स्कूटर अम्मानेच दुबेजींना सांगून हटवली. त्यांनीही हसत हसत हटवली.
"कोर्ट के मेहमान आ रहे थे भैया, कबाड़ में बिठाती क्या?"
कमिश्नरने पोहे-जिलेबी खाऊन लिहिलं, रस्ता मोकळा. पोहे छान होते. मीही खाल्ले, काय करता.

१५ नोव्हें.
स्कूटर परत जागेवर.

२८ नोव्हें.
हातापाया पडून दुसरी पाहणी मिळवली. जजसाहेब हसले, तेही सगळ्या वकिलांसमोर. अम्माला बजावलं, झाडू नाही, पोहे नाही, काही हलवायचं नाही. कसम घेतली तिने.

४ डिसें.
दुबेजी पक्के! आज सकाळीच स्वतः स्कूटर आपल्या अंगणात नेली. आम्ही पोचलो तर अम्मा पदर खोचून, घामाघूम, ती ढकलत परत गल्लीत आणून राहिली!
"आपने कहा था न, कुछ हटना नहीं चाहिए!"
दुबेजी ओट्यावरून, "लिखिए साहब, रास्ता कौन रोक रहा है!"
कमिश्नरने लिहिलं. चांगलं लांबलचक लिहिलं.
असा संताप आला म्हणता. मग अम्माने आतला ठेला दाखवला. बांगड्यांवर धूळ, बाहेर लग्नसराई. 

१२ डिसें.
बहस. मी म्हटलं, हुजूर, स्कूटर दुबेजींची, अंगण दुबेजींचं, मग अम्मा स्वतःचाच ठेला अडवायला ती कशाला आणेल? जजसाहेबांनी दोन्ही रिपोर्ट बाजूला सारले. "मैं खुद देखने आऊँगा। दिन नहीं बताऊँगा।"
वा! असं व्हायला पाहिजे! धावत बाहेर येऊन अम्माला सांगितलं. तिचा चेहराच उतरला.
"बिना बताए? तो पोहा कब भिगोऊँ?"
चार दिवसांत खरमास लागेल, लग्नं बंद. ठेला अजून आतच.