डोळा राहिलेला डायनासोर

गुरुवार, १० जुलै

लिहायचं लिहायचं म्हणत जून गेला. वही उशाखाली होती, पेन सोनूने पळवलेलं — हे कारण पुरेसं नाही, माहितेय!

अजून नम्रताताईकडेच, कर्वेनगरला. ताई-भावजी कामावर गेले की भाची माझ्या ताब्यात. सोनू, पहिलीतली. घरी तोंड बंद नाही. शाळेत एक शब्द नाही! बाईंनी ताईला सांगितलं म्हणे — सोमवारी सगळ्यांनी रंगवलेला डायनासोर आणायचा, पुढे येऊन माहिती सांगायची. तेव्हाही बोलली नाही तर दुसऱ्या शाळेचं बघा.

ताई जेवताना रडली. "एवढं एक काम तरी नीट कर रे."

शुक्रवार, ११ जुलै

चित्र मिळालं. राजासोरस. डोक्यावर बुटकं शिंग. हाडं गुजरातेत सापडली, नर्मदेकडे.

"मग ढोकळा खायचा?"

"मांस खायचा."

"आणि रंग कुठला, मामा?"

मोबाइलवर शोधलं. कुठे हिरवा, कुठे तपकिरी, कुठे चक्क पट्टे! शेवटी कळलं — कुणालाच माहीत नाही. हाडांवरून रंग कळत नाही. मग छापणारे कशाच्या जोरावर छापतात? डोकं गरगरलं.

शनिवार, १२ जुलै

रंगखडू आणायला निघालो आणि पोचलो कसबा पेठेत. कसा, ते विचारू नये. मागच्या वर्षी तिथे उत्तरेश्वरकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात थोडे दिवस टिकलो होतो. त्यांनाच विचारलं, डायनासोरचा रंग कुठला?

"मी काय त्याच्या शेजारी राहायचो?" ब्रश थांबला नाही. मग म्हणाले, "कुठलाही दे. डोळे तेवढे शेवटी. डोळे काढले की तो बघायला लागतो. तेव्हा समोर आपलं माणूस हवं."

घरी आलो. खडू विसरलो! हळद, कुंकू, ताईची नेलपॉलिश — फर्मास झाला. काकांचं बोलणं सोनूला सांगितलं. तिने कागद ओढून घेतला. मग —

"सोमवारी शाळेत जाणार ना तो? तिथे आपलं कोणीच नाही. डोळा नको, मामा. घाबरेल."

मी बरं म्हणालो. चुकलं का?

सोमवार, १४ जुलै

नाही बोलली. कागद छातीशी धरून नुसती उभी. बाईंनी लाल पेनाने लिहिलंय — 'डोळा राहिला.'

ताई म्हणाली, "अक्कल तुझी, नुकसान तिचं!"

काय बरोबर, काय चूक, काही समजेना. मित्राचा, पुष्करचा फोन होता, गोव्याला चल म्हणतोय. जावं. इथे राहून मी काय दिवे लावतोय?

मंगळवार, १५ जुलै

सॅक भरली. सोनू शाळेतून आल्यापासून खिदळतेय. विचारलं तर, "सांगत नाही जा!"

संध्याकाळ

बूट घालत होतो, बेल वाजली. दारात सोनूच्या वर्गातली पोरं! मागे दोन आया, वैतागलेल्या. प्रत्येकाच्या हातात डायनासोर. डोळे खोडरबराने पुसलेले, कागद फाटेस्तोवर.

"सोनूचा मामा तूच ना? ती म्हणाली, डोळे आपल्या माणसासमोरच काढायचे. म्हणून सगळे इकडे आलो."

"सोनू म्हणाली? वर्गात?"

"हो! थांबतच नव्हती!"

"आणि बाई?"

"बाईंनीच पत्ता दिला."