येळवशीला उघडलेली बाटली

दादा, काल शेतात येळवशीची अमावस्या झाली आणि आज माझी कंबर धरली आहे. नांदेडहून कंधार, तिथून पुढे दुसरी एसटी, मग डोंगराची चढण, आणि सगळा वेळ एका हातात मायचा दंड, काखेत तिचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात आंबिलीचं भांडं. ऑफिसात आज रजा टाकली आहे. भांडी घासायची पडली आहेत, पण उठवत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

आपला डोंगरातला मुरमाड माळ तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तिथे करडई पेरायचात. तिथे आता तुमच्या धाकट्या लेकाने द्राक्षं लावली आहेत. खायची नव्हेत, बारीक, काळी, जाड सालीची आणि नुसत्या बियांची. त्याची लाल वाईन होते. रासायनिक फवारा कसला मारत नाही. शेणाची स्लरी, दशपर्णी अर्क, आणि बाकी दिवसभर वेलींत फिरत राहायचं. परवाना काढून त्याने तिथेच एक शेड घातली आहे. गावातले लोक त्याला विचारतात, काय पाटील, डोंगरावर दारू पिकवून राहिलात का? तो हसून पुढे जातो.

पण मायला हसणं जमलं नाही. तुमचे थोरले भाऊ हातभट्टीने गेले आणि त्यांना पोचवून आल्यावर तुम्ही विहिरीवरच गळ्यात तुळशीची माळ घातलीत, हे ती विसरलेली नाही. द्राक्षं कशासाठी आहेत ते कळलं त्या दिवशी तिने लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि माझ्याकडे आली. नंतर येळवशीलाही गेली नाही. धाकट्याचा फोन माझ्यावर यायचा. माय जेवली का, असं तो मला विचारायचा आणि ती शेजारी बसून मला सांगायची, सांग त्याला, जेवले. दोघांचं बोलणं इकडून तिकडे नेता नेता मी थकून गेले, दादा. माझं स्वतःचं असं कुणाशी काही बोलायचं राहूनच गेलं.

यंदा तो म्हणाला, "माय येत नसेल तर वेली उपटतो, आक्का. एकट्यानं कडब्याची कोप बांधून कुणासाठी बसू?" मी ते जसंच्या तसं मायला सांगितलं.  संध्याकाळी पाहते तर तिने आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भिजवायला घेतलं होतं.

भांड्यावर मी ताट झाकलं, वर पाटा ठेवावा म्हणून उचलला, आणि तुमची आठवण झाली. मी शाळेत होते. वाटेत सांडू नये म्हणून आंबिलीच्या बिंदग्याचं तोंड मी दोरीने गच्च आवळलं होतं. तुम्ही दोरी सोडलीत आणि मला म्हणालात, जितं हाय ते, त्याला वारा लागू दे. तुम्ही मला रागावल्याचं एवढंच आठवतं. मागच्या हंगामात धाकट्याच्या शेडमध्ये पिंपातली द्राक्षं फसफसत होती. वरचं फडकं मी घट्ट बांधायला गेले, तर त्याने माझा हात धरला आणि अगदी तेच म्हणाला. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याने ते कुठे ऐकलं असेल?

काल त्याने कडब्याची कोप नेहमीच्या जागी घातली होती. आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव, नैवेद्याला भज्जी, उंडे, सगळं रीतीने. पूजा झाली, ओलगे ओलगे असा पुकारा करत तो शेतभर आंबील शिंपडून आला. बाटली मात्र त्याने कोपीत आणली नाही, बाहेर वेलीखाली ठेवली होती. जेवणं झाली तरी तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. शेवटी मायनेच विचारलं, "नवसागर किती घातलास त्यात?"

एवढ्या दिवसांनी ती त्याच्याशी थेट बोलली, ती ही गोष्ट. तिला माहीत असलेली दारू नवसागर आणि काळ्या गुळाचीच होती.  धाकटा म्हणाला, "न्हाई माय. नुसती द्राक्षं हायेत."

"मग आंबली कशानं?"

"आपली आपणच. तुझी आंबील आंबती तशी."

मायने आंबिलीच्या रिकाम्या भांड्याकडे पाहिलं. मग उठली, त्याच्याकडून बाटली उघडून घेतली आणि पहिल्या वेलीच्या बुडाशी थोडी ओतली. त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, ती सगळी ओतून टाकणार. ती म्हणाली, "तुझ्या बापाचं पान आधी. त्यांनी न्हाई घेतलं तरी." उरलेली बाटली तिने त्याला परत दिली. "आता आक्काला दे. ती सांगल कशी झालीय."

आंबिलीच्याच वाटीत त्याने मला घोटभर दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला लावत होते आणि दोघंही माझ्याकडे पाहत होते. मी गिळली आणि म्हणाले, चांगली झालीय.

"मग ऱ्हाऊ दे वेली," माय म्हणाली.

ती तिथेच राहिली. येताना तिचं गाठोडं मीच त्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. सकाळपासून फोन वाजलेला नाही. आता निरोप न्यायचे नाहीत, हवी होती ती विश्रांती मिळाली आहे, आणि घरात काय करावं ते कळत नाही.

हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवीन. खरं सांगायचं तर, दादा, ती मला आवडली नाही. तुरट होती, बाभळीची साल चावल्यासारखी, जीभ अजून ओढल्यासारखी वाटते आहे. धाकट्याने एक बाटली बरोबर दिली आहे. ती मी स्वयंपाकघरात तेलाच्या डब्यामागे ठेवली आहे, आणि तो आला की त्याच्यासमोर पुन्हा घोटभर घेणार आहे.